शाळेच्या फाटकाबाहेरची वीस मिनिटं

(कोंढव्यातील पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअरचं काम करतो, भाषणं करत नाही. पण इथल्या निम्म्या लोकांनी मला शाळेबाहेर हॉर्न वाजवताना पाहिलंय, म्हणून आधी कबुली देतो. आमचं घर शाळेपासून जेमतेम एक किलोमीटर. तरी दोन वर्षं मी मुलीला कारने सोडत होतो. का? तर रस्त्यावर गाड्या फार, चालत न्यायची भीती वाटते. त्या गाड्यांतली एक माझीच, हे डोक्यातच आलं नाही. एकदा गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून चालत गेलो. सतरा मिनिटं लागली. गाडीने, गल्लीच्या तोंडाशी अडकून, रोज वीस लागत होती.

फाटकाबाहेरचं चित्र तुम्हाला माहीत आहे. व्हॅन, रिक्षा, स्कूटर, कार, आणि सगळ्यांची इंजिनं चालू. ‘दोनच मिनिटं’ म्हणून कोणी बंद करत नाही. सायलेन्सरमधून धूर निघतो तो पहिलीतल्या मुलाच्या नाकाच्या फार खाली नाही. मूल आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, वजनाच्या मानाने जास्त हवा आत ओढतं, आणि त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. धुरातले पीएम २.५ नावाचे कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे असतात, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची मर्यादा आहे ४०.

लंडनमध्ये एला किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहायची. २०१३ मध्ये ती दम्याने गेली. तिची आई रोझामंड यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०२० मध्ये कोरोनरने मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. आपल्याकडे मूल खोकलं की आपण आइस्क्रीमला बोल लावतो.

कोणी म्हणेल, आपल्या चळवळीपुढे प्रश्न काय कमी आहेत, हे ट्रॅफिकचं कुठून काढलं? मुलींच्या शिक्षणावर आपण इतकी वर्षं बोलतोय ना? मग हे त्यातलंच आहे. रस्ता सुरक्षित नसला की मुलीची शाळा सोडायला-आणायला येणाऱ्यावर अवलंबून राहते. अब्बांची शिफ्ट बदलली, भावाची स्कूटर बिघडली, की पहिली गैरहजेरी तिची लागते. आठवीनंतर शाळा लांबची असेल तर ‘रोज कोण सोडणार’ या एका वाक्यावर विषय संपतो. घरात कोणी शिक्षणाच्या विरोधात नसतं, तरी ती घरी बसते. मुलगा मात्र मित्रांबरोबर चालत जातो.

उपाय नवा नाही. इटलीतल्या बोल्झानो शहराने १९८९ मध्येच शाळा भरताना आणि सुटताना समोरचा रस्ता गाड्यांना बंद करायला सुरुवात केली. इटली लांबची वाटत असेल तर पुण्यातच बघा. पादचारी दिनाला, ११ डिसेंबरला, महापालिका लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांना बंद ठेवते. भर बाजारपेठेचा रस्ता दिवसभर बंद राहू शकतो, तर आपली गल्ली सकाळी वीस मिनिटं का नाही?

त्यासाठी कायद्यातली एक जागा आहे. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असायला हवी. अध्यक्ष मुख्याध्यापक, आणि सदस्यांत पालक आणि पोलीसही. आमच्या शाळेत विचारलं तर समिती कागदावर होती. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तोंडी बोलू नका, पोच घ्या.

आणि माणसं आपल्याकडे आहेत. रमजानात तरावीहच्या वेळी मशिदीबाहेर गाड्या लावून देणारी, रस्ता मोकळा ठेवणारी पोरं कोणी पगारावर ठेवलेली नसतात. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच भाग, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मशिदीबाहेर चालतं ते शाळेबाहेरही चालेल.

सगळ्यांना चालणं जमणार नाही. उंड्रीहून येणाऱ्या मुलाला मी पायी ये म्हणणार नाही. त्यांनी मुख्य रस्त्यावर उतरवावं, तिथून शेवटचा टप्पा मुलांनी दोन पालकांबरोबर गटाने चालावा. व्हॅनवाल्यांशी मी बोललोय. त्यांना गल्लीत अडकायची हौस नाही, उलट दुसरी फेरी वेळेवर होते. पावसाळ्यात काय करायचं, हे अजून सुटलेलं नाही.

सोमवारपासून आठवडाभर करून बघू. साडेसातला गल्लीच्या तोंडाशी मला पाच जण हवेत. दोरी आणि शिट्ट्या मी आणतो. तुम्ही गाडी घरी ठेवून या.