शरणपूरची मुलं

आज एक जुनी गोष्ट तुम्हांला सांगणार आहे. पण ती मला आठवली कशी, ते आधी सांगितलं पाहिजे.

मी पनवेलचा. कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या पूर्वेला प्रबळगडाच्या अंगाला कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. एका रविवारी, दिवाळीच्या थोडं आधी, चाळीसएक विद्यार्थ्यांना घेऊन मी अशाच एका कातकरी वाडीवर गेलो. बरोबर वह्या, पेन्सिली, बिस्किटांचे पुडे. मुलांशी लंगडी झाली, गाणी झाली, दुपारी खिचडी झाली. दिवस कसा गेला कळलं नाही. निघताना एक म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, "आता परत कवा?" आम्ही हसलो आणि "येऊ, येऊ" म्हणालो.

परतीच्या वाटेवर माझी एक विद्यार्थिनी डोळे पुसत होती. एक लहान मुलगी दिवसभर तिचा हात धरून होती. मी सहज विचारलं, "नाव काय गं तिचं?" ती गप्प झाली. तिला ठाऊक नव्हतं. मग मी बाकीच्यांना विचारलं. कुणाला एक नाव सांगता आलं, कुणाला दोन. आणि खरं सांगतो, मलाही एकाही मुलाचं नाव सांगता आलं नसतं.

त्या रात्री मला शरणपूरची मुलं आठवली.

नाशिकला गेलात तर शरणपूर रोड तुम्हांला कुणीही दाखवील. आज तिथं दुकानं, दवाखाने, बँका आहेत. पण १८५४ च्या सुमारास तिथं चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या पाद्र्यानं ख्रिस्ती लोकांची एक वस्ती वसवली. शरण आलेल्यांचं पूर, ते शरणपूर. आणि या वस्तीत आफ्रिकेतली मुलं राहत होती! ख्रिस्ती मिशनरी आफ्रिकेत जाऊन तिथल्या मुलांसाठी शाळा काढतात, हे आपण ऐकलेलं असतं. इथं आफ्रिकेची मुलंच गोदावरीकाठी आली होती.

ती आली कशी? इंग्रजांनी गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्यानं बंद केला, तरी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो पुढंही चालूच होता. इंग्रजी आरमार गुलामांनी भरलेली गलबतं अरबी समुद्रात पकडी. त्यांतली बरीच माणसं मुंबईला उतरवीत. मोठी माणसं कुठंतरी कामाला लागत. पण सात-आठ वर्षांच्या पोरांचं काय करायचं? अशी काही मुलं मग मिशनच्या हवाली होत. शरणपुरात त्यांना लिहिणं-वाचणं शिकवीत, सुतारकी शिकवीत, लोहारकाम शिकवीत. गुलामाच्या बाजारात ज्यांची किंमत ठरली असती, त्यांच्या हाती पाटी आणि रंधा आला. हे काम थोर होतं, यात शंका नाही.

या मुलांनी पुढं काय केलं, तेही ऐका. १८६६ साली डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाले, तेव्हा नाशिकची नऊ मुलं त्यांच्या तुकडीत होती. १८७२ साली झांझिबारहून त्यांच्याकडं नवी माणसं धाडली गेली. त्यांतही नाशिकच्या शाळेतली सहाजण होती. त्यांतला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ ला, आज ज्या देशाला झांबिया म्हणतात तिथं, लिव्हिंगस्टन वारले. त्यांच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथंच एका झाडाखाली पुरलं. तेव्हा प्रार्थना म्हटली जेकबनं आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही जेकबनं. मग मीठ लावून वाळवलेला तो देह सर्वांनी खांद्यावरून सुमारे हजार मैल चालत समुद्रापर्यंत आणला. जेकब देहाबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता. आपल्या मातीत शिकलेल्या पोराची ही गोष्ट आपल्याच शाळांतून सांगितली जात नाही, याचं मला नवल वाटतं.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

जेकब वेनराइट हे काय आफ्रिकेतलं नाव झालं? जेकब याओ जमातीचा. त्याच्या सोबत्यांत मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून एक होता. त्याचं मूळ नाव चेंग्विम्बे. आईनं हाक मारली असेल ती चेंग्विम्बे म्हणून! बाप्तिस्मा देताना मुलांना इंग्रजी नावं दिली गेली. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. नवा जन्म, नवं नाव, असा त्यांचा भाव. परंतु मुलाच्या बाजूनं पाहा. घर गेलं, भाषा गेली, उरलं होतं एक नाव, तेही बदललं. हिंदुस्थानात ही मुलं आफ्रिकन ठरली. पुढं १८७४-७५ मध्ये प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वस्ती उभी केली आणि नाशिकचे बरेचजण तिकडं गेले. तिथल्या लोकांनी त्यांना काय म्हणावं? बॉम्बे आफ्रिकन! म्हणजे इथं ते तिथले आणि तिथं ते इथले.

आता दोन मुलांची गोष्ट सांगतो. चुमा आणि वेकातानी. १८६१ साली गुलामांच्या एका तांड्यातून ती सुटली. १८६४ साली लिव्हिंगस्टननी त्यांना मुंबईला आणून डॉ. विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत ठेवलं. तीही १८६६ च्या त्या प्रवासात होती. न्यासा सरोवराच्या बाजूला पोहोचल्यावर वेकातानीला आपला भाऊ भेटला. बाकीची भावंडंही जवळच असल्याचं कळलं. वेकातानी तिथंच राहिला. आपण कोणाचे, हे त्याला पाच वर्षांनंतरही आठवत होतं, म्हणून त्याला घर सापडलं.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मी तुमच्यासाठी सांगतो आहे. आपल्या हजेरीपटावर कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून असते. सगळी काय एकाच दिवशी जन्मली? तारीख ठाऊक नव्हती, आपण घातली. कातकऱ्याच्या मुलाचं घरचं नाव आपल्याला ओबडधोबड वाटलं, की आपण त्याला सिनेमातलं एखादं नाव देतो. मग हाक मारली तर पोर मान वर करत नाही, आणि आपण म्हणतो, "लक्ष नाही याचं!" दिवाळी झाली की आई-बाप वीटभट्टीवर जातात, पोरंही जातात, आणि हजेरीपटावर गैरहजेरीचे शून्य पडत राहतात.

करण्यासारखं फार मोठं नाही. मुलाला घरी काय म्हणतात ते विचारावं आणि वर्गात निदान एकदा तरी त्या नावानं हाक मारावी. कुटुंब कुठल्या भट्टीवर निघालं आहे ते विचारावं, आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते भरून त्याच्या हाती द्यावं, म्हणजे तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. आणि जे आमच्यासारखे एका दिवसाचे पाहुणे असतील, त्यांनी बिस्किटं जरूर न्यावीत. पण पुन्हा यायची तारीख ठरवून मगच निघावं.

आम्ही त्या वाडीवर पुन्हा गेलो. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. बऱ्याच झोपड्यांना कुडाची दारं लावलेली होती. ती मुलगी आई-बापांबरोबर भट्टीवर गेली होती. म्हातारी मात्र दारात होती. तिला आम्ही मुलीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि माझ्या विद्यार्थिनीनं ते वहीत लिहून घेतलं.

ते नाव मी इथं सांगणार नाही. ते तिचं आहे. पाऊस सुरू झाला की ती परत येईल, तेव्हा तिला हाक मारायला आम्हांला लागणार आहे.