आधी खोली, मग टीव्ही



नवा टीव्ही घ्यायचाय?
स्वस्तातला… की महागडा?
दुकानात जाण्याआधी आपली खोली बघा.

बसायची जागा भिंतीपासून किती लांब आहे?
फोर-के पडद्यावर फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात.
पण पडदा ३२ इंची, आणि तुम्ही १० फुटांवर…
मग हा फरक डोळ्यांना जाणवत नाही.

घरी फ्री डिश आहे?
तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्यांचं चित्र साध्या प्रतीचं असतं.
मालिका आणि बातम्याच बघणाऱ्या घराला स्वस्तातला टीव्ही पुरतो.
तिथे जास्तीचे पैसे घालणं मला पटत नाही.

दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्यांचं मात्र वेगळं.
ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो…
आणि स्वतः विझतो.
म्हणून तिथला अंधार खरोखर काळा दिसतो.
त्यासाठी महागडा टीव्ही घ्यावा.

पुन्हा सांगते…
आधी खोली बघा, मग टीव्ही.

आणि दुकानातल्या झगमगाटाला भुलू नका, बरं का.
तिथे चित्र बहुधा मुद्दाम भडक ठेवलेलं असतं.
ते साध्या मोडवर लावायला सांगा.

मग आवाज ऐका.
पातळ टीव्हीचा आवाज बऱ्याचदा दबका येतो.
आजी-आजोबांना संवाद कळायला हवेत ना?
वाचलेल्या पैशांत साउंडबार बसतो का…
तेही विचारा.