भागून पाहिली का?



आज आम्ही एका आकड्याविषयी बोलणार आहोत. तो फळ्यावर लिहिलाच आहे : ४,२९,४९,६७,२९७. दोनाची दुप्पट, तिची पुन्हा दुप्पट, असे करीत दोनाचा बत्तिसावा घात काढावा आणि त्यात एक मिळवावा, म्हणजे हा आकडा येतो.

फर्मा हे फ्रान्समधील तुलूझ येथील कायदेपंडित. गणित त्यांच्या फावल्या वेळचे. १६४० साली त्यांनी पत्रातून आपले मत कळविले की, दोनाचा घात १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढवून त्यात एक मिळविला असता प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते. म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला भाग जात नाही. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाचही संख्या तशा आहेतच. सहावी आमची फळ्यावरची. आपणापाशी सिद्धता नाही हे फर्मांनी प्रांजळपणे कबूल केले होते. पण मोठ्या माणसाचे 'वाटते' हे लोकांच्या कानी 'आहे' होऊन पोहोचते.

नोकरीच्या आरंभी आम्हीही ही यादी लिहून 'या सर्व मूळ संख्या' असे वर्गात बोलून गेलो. मागच्या बाकावरील एक मुलगी उठली. "सर, सहावी भागून पाहिली का?" आम्ही तिला खाली बसविले. आमचे अब्बा दुकानाच्या वहीतील बेरीज खालून वर पुन्हा करीत, त्यांचा मुलगा असे वागला!

घरी पुस्तक उघडले आणि मान खाली गेली. ऑयलर यांनी १७३२ साली, वयाच्या पंचविशीत, हा आकडा फोडून दाखविला होता. सरळ मार्गाने ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागत बसावे लागते. ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले की, याला भाग जाणारी मूळ संख्या ६४ च्या कोणत्या तरी पटीत एक मिळवूनच येते. अशा संख्या थोड्याच : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचवीने जातो.

गंमत अशी की, ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६२५ अधिक १६ सुद्धा. एवढ्या दोन गोष्टींवरून, लांबलचक भागाकार न करताही, भाग जातो हे सिद्ध होते. ६५,५३७ च्या पुढे या जातीची एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गापुढे चूक कबूल केली आणि खडू त्या मुलीच्या हाती दिला. तिने फळाभर भागाकार मांडला. मध्ये हातचा एकदा चुकला, तो तिनेच शोधला. भागाकार ६७,००,४१७. बाकी शून्य.