वीटभट्टीवरची आई

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांविषयी आपण पुष्कळ बोललो. या शहरांसाठी विटा थापणाऱ्या कातकरी बायकांविषयी फारसे नाही. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंब भट्टीवर जाते. तिथे सोळा-सतरा वर्षांची आई चिखलात राबते, तान्हे झोळीत. आजी बरोबर असली तरच त्याला दुसरी मांडी मिळते. अंगणवाडीतली नोंद मागे गावातच राहते.

अल्पवयीन मुलगी गरोदर आढळल्यास पोलिसांना कळविणे २०१२च्या पॉक्सो कायद्याने दवाखान्यावर बंधनकारक केले. हेतू योग्यच, पण नवऱ्याला धरून नेतील या भयाने ती दवाखानाच टाळते. बालविवाह थांबलाच पाहिजे. परंतु जन्मलेल्या बाळाची लस त्या भयापायी चुकता कामा नये; अंगणवाडीच भट्टीवर गेली पाहिजे.