परराज्यात जाणारी मोटार आणि तिचा विमा

मोटार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली की जुना विमा निरुपयोगी ठरतो आणि तेथे नव्याने विमा उतरवावा लागतो, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. मोटारीची नोंदणी राज्याच्या परिवहन कार्यालयात होते व रस्ता करही राज्यच वसूल करते. विम्याचा करार मात्र संपूर्ण भारतात लागू असतो, त्यामुळे पुण्यात उतरवलेली पॉलिसी मोटार बंगळुरूला गेल्यावरही मुदत संपेपर्यंत चालू राहते.

अडचण उद्भवते ती नोंदणीमुळे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 47 नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे वाहन परराज्यात नेण्यास त्या कार्यालयाची हरकत नसल्याचा दाखला, आवश्यक असतो. बारा महिन्यांच्या या मुदतीचा सोयीस्कर अर्थ लावून सर्वच कागदपत्रे वर्षभर तशीच ठेवली जातात. वस्तुतः पत्ता बदलल्याची सूचना परिवहन कार्यालयाला 30 दिवसांत देण्याचे बंधन त्याच अधिनियमाच्या कलम 49 मध्ये आहे, आणि विमा कंपनीला तर ती शक्य तितक्या लवकर देणे मालकाच्याच हिताचे असते.

विम्याचे दोन भाग वेगळे ओळखल्यास पुढील गोष्टी सुकर होतात. पहिला भाग तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या वाहनामुळे इतरांस होणाऱ्या मृत्यू, इजा वा मालमत्तेच्या हानीच्या भरपाईचा. तो कायद्याने सक्तीचा असून त्याचे दर केंद्र सरकार ठरवते आणि ते इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असल्याने राज्य बदलल्याने बदलत नाहीत. दुसरा भाग स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. त्याचा हप्ता ठरवताना रूढ वर्गवारीत देशाचे दोन विभाग मानले जातात : मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद व अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात, आणि उर्वरित सारा देश ‘ब’ विभागात. विभाग वाहनाच्या नोंदणीच्या ठिकाणावरून ठरतो. म्हणून पुण्याची मोटार बंगळुरूत नोंदली तर विभाग तोच राहतो, तर नाशिकची मोटार तेथे नोंदली असता ती ‘ब’ मधून ‘अ’ मध्ये जाते व हप्ता काहीसा वाढू शकतो. हप्त्याच्या लेखी राज्याच्या सीमेपेक्षा शहराला महत्त्व अधिक, ही बाब बहुतेक मालकांच्या ध्यानात येत नाही.

नवा क्रमांक मिळाल्यावर पॉलिसीत त्याची नोंद करून घ्यावी लागते. विम्याच्या व्यवहारात या नोंदीला पृष्ठांकन म्हणतात, म्हणजे चालू करारात मान्य केलेला आणि त्याला जोडलेला बदल. चेसिस व इंजिन यांचे क्रमांक तेच राहत असल्याने करार आपोआप मोडत नाही हे खरे, परंतु अपघातानंतर आरसीवर, म्हणजे वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, एक क्रमांक आणि पॉलिसीवर दुसरा असल्यास दाव्याची छाननी लांबते व वादाला जागा मिळते, आणि पृष्ठांकनाच्या किरकोळ खर्चापुढे हा मनस्ताप कितीतरी मोठा असतो.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजेच नो क्लेम बोनस, वाहनाची नसून मालकाची असते. ती 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाते, कंपनी बदलली तरी सोबत नेता येते, मात्र पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण न केल्यास हातची जाते. बदलीच्या धावपळीत नेमकी हीच मुदत चुकते.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर 2021 पासून ‘बीएच’ अर्थात भारत मालिकेची नोंदणी उपलब्ध आहे. संरक्षण दले, सरकारी सेवा, सार्वजनिक उपक्रम, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील कर्मचारी तिला पात्र आहेत. या मालिकेत राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही, त्यामुळे पॉलिसीत केवळ पत्ता दुरुस्त करणे पुरते.

इतरांनी नवी आरसी हाती येताच तिची प्रत विमा कंपनीकडे पाठवावी, आणि पृष्ठांकन आल्यावर त्यावरील नोंदणी व चेसिस क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत.