पोर्तुगीज बोलताना

पोर्तुगीज शिकणाऱ्यांच्या वह्या क्रियापदांच्या रूपांनी भरलेल्या असतात. ती पाठ करावीच लागतात. पण लिस्बनमधल्या एखाद्या कॅफेत चार माणसं गप्पा मारू लागली, की शब्द ओळखीचे असूनही अर्थ निसटतो. कारण ती बोलतात वाक्प्रचारांतून.

‘फिकार आ व्हेर नाव्हिउश’, म्हणजे जहाजं बघत राहणं. सेल लागला म्हणून तुम्ही धावत गेलात आणि माल संपलेला, की तुम्ही जहाजं बघत राहिलात. आपण म्हणतो, हात हलवत परत आलो. यामागे एक कथा सांगतात. पोर्तुगालचा राजा सेबाश्तियांव १५७८ साली मोरोक्कोतल्या अल्कासेर किबीरच्या लढाईवर गेला, तो परतलाच नाही. तो परत येईल या आशेनं लोक लिस्बनच्या सांता कातारीना टेकडीवर जमत आणि तेजू नदीत शिरणारी जहाजं न्याहाळत.

दुसरा वाक्प्रचार घोड्याचा. मुलगा नवा फोन मागतो. आई म्हणते, ‘पोदेश तिरार उ कावालिन्यु दा शुवा.’ घोडा पावसातून आत घे. अर्थात, ती आशा सोड. पूर्वी लवकर निघायचं असलेला पाहुणा घोडा दाराशीच बांधे. यजमान म्हणे, घोडा आडोशाला ने, इतक्यात तुझी सुटका नाही! अशी त्याची उपपत्ती देतात. यातलं ‘पोदेश’ हे ‘तू’चं रूप आहे. मित्राला, भावंडाला असं खुशाल म्हणावं. वरिष्ठांना मुळीच नाही.

अपमान मुकाट्यानं सोसणारा ‘बेडूक गिळतो’. अनुभवी माणूस ‘कितीतरी वर्षं कोंबड्या भाजतोय’. आडपडदा न ठेवता बोलणं म्हणजे ‘पांव पांव, कैजु कैजु’: पावाला पाव म्हणावं, चीजला चीज. यातला पाव तर पोर्तुगिजांकडूनच आपल्या ताटात आणि आपल्या भाषेत आला.

तेव्हा वाक्प्रचारांची नुसती यादी पाठ करू नका. कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी बोललं, ते वाक्यासोबत टिपून ठेवा. आधी भरपूर ऐका, मग जवळच्या माणसांत वापरून पाहा. व्याकरणानं भाषा समजते. वाक्प्रचारांनी ती बोलणारी माणसं समजतात. पोर्तुगीज शिकणाऱ्या प्रत्येकानं आज एक तरी वाक्प्रचार प्रसंगासकट वहीत लिहावा, एवढीच विनंती.