वग कुठे गेला?



संमेलनाध्यक्षाच्या पदावरून मराठी भाषेच्या भवितव्याबद्दल बोलायची रीत आहे. आज मला मात्र एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. एखादी कलाकृती लोकांच्या मनात घर करते. काही वर्षांनी दुसरा कोणी तिचे नाव न घेता, पण तिचाच वारसा सांगत, नवी कृती घेऊन येतो. लोक आशेने धाव घेतात आणि निराश होऊन परततात. असे का होते? नारायणगावच्या तमाशाचा वारसा सांगणारे नाटकात, चित्रपटात आणि आता मोबाइलच्या पडद्यावरही निघाले आहेत, म्हणून हा प्रश्न याच मातीत विचारला पाहिजे.

समोर बसलेल्या तरुण मुलांना ठाऊक असलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो. 1987 साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘मेगा मॅन’ हा व्हिडिओ गेम आणला. तिकडे त्याला ‘रॉकमॅन’ म्हणतात. या मालिकेत वर्षानुवर्षे काम केलेले केजी इनाफुने पुढे कंपनीतून बाहेर पडले आणि 2013 साली त्यांनी त्याच धाटणीच्या ‘मायटी नंबर 9’ या नव्या खेळासाठी लोकवर्गणी मागितली. सदुसष्ट हजारांहून अधिक लोकांनी मिळून अडतीस लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. खेळ पुन्हा पुन्हा लांबणीवर पडला आणि जून 2016 मध्ये आला, तेव्हा ज्यांनी पैसे दिले होते तेच सर्वांत जास्त हळहळले. निळ्या चिलखतातला यंत्रमानव पोरगा होता, उड्या होत्या, गोळीबार होता, एकेका बलाढ्य शत्रूला हरवून त्याची शक्ती मिळवणेही होते. तरीही मूळ खेळाची मजा नव्हती.

मला याचे कारण मूळ खेळाच्या अडचणीत दिसते. तो ज्यावर चाले, त्या 1987 च्या यंत्राची स्मरणशक्ती तोकडी होती, रंग मोजके होते. त्यामुळे प्रत्येक खड्डा किती रुंद ठेवायचा, शत्रू कोणत्या पावलावर उभा करायचा, याचा काटेकोर विचार करावा लागला. ही आखणी प्रामुख्याने अकिरा कितामुरा यांची होती. इनाफुने त्या चमूत चित्रे काढण्यासाठी दाखल झाले होते आणि आपण त्या पात्राचे मूळ निर्माते नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. नव्या खेळात पैसा होता, यंत्रे ताकदवान होती, आणि एकाच वेळी अनेक यंत्रांवर तो चालवून दाखवण्याचे वचनही होते. लोकांना जो चेहरा आठवत होता तो जमला. त्या चेहऱ्यामागची मोजदाद नव्याने कोणी केली नाही.

त्याच 2016 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एरिक बॅरोन नावाच्या तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ आणला. तोही वारसाच सांगत होता, यासुहिरो वाडा यांच्या 1996 सालच्या ‘हार्वेस्ट मून’चा. बॅरोनने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून चित्रे, संगीत, आज्ञावली असे सगळे काही केले. मूळ खेळातली एक गोष्ट त्याने सोडली नाही: दिवस लहान आणि अंगातली ताकद मर्यादित. सकाळी पाणी द्यायला गेलात, तर गावातल्या माणसाला भेटायला वेळ उरत नाही. ओतूर-मंचरच्या शेतकऱ्याला ही ओढाताण समजावून सांगावी लागत नाही. जगभरच्या लोकांनी तो खेळ उचलून धरला. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या चमूनेही 2020 साली ‘राजी’ आणला, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची प्रेरणा सांगत. त्यातल्या लढाया मला कमी भावल्या, पण आपल्या पुराणकथांकडे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून तो लक्षात राहतो.

अडचणीची हीच कसोटी घेऊन आता आपल्याकडे, तमाशाकडे येतो.

ढोलकीफडाच्या तमाशाची बांधणी तुम्हाला माहीत आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य. बाकी सगळे वगाच्या वाटेवरचे मुक्काम होत. कथानक फडाच्या सरदाराला ठाऊक असे, पण संवाद बहुतेक वेळा लिहिलेले नसत. समोर हजारो माणसे बसलेली. दिवसभर घाटात बैलगाड्यांमागे धावून, अंगावर गुलाल घेऊन, रात्री कनातीत किंवा मोकळ्या रानात आलेली. त्यांच्यातला कोणी मध्येच आवाज देई आणि सोंगाड्याला तिथल्या तिथे उत्तर सुचावे लागे. उत्तर जमले नाही तर त्या गावची सुपारी पुढच्या वर्षी दुसऱ्या फडाकडे जाई. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड याच कसोटीवर उभा राहिला. त्याच घरातल्या विठाबाईंना 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळाली, आणि आज राज्य शासनाचा तमाशाक्षेत्रातला जीवनगौरव त्यांच्या नावाने दिला जातो. विठाबाईंच्या नाचाबद्दल पुष्कळ बोलले जाते. माझ्या मते त्यांचे मोठेपण समोरच्या अनोळखी जमावाला रात्रभर धरून ठेवण्यात होते, आणि ते काम एकट्या नाचाने होत नाही.

या तमाशाचे पहिले थोर वारसदार अण्णाभाऊ साठे. लहानपणापासून तमाशा त्यांच्या अंगात मुरलेला होता. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांनी गणाचा रोख बदलला, देवाच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गवळण वगळली. तमाशाचे जाणकार म्हणतील, मग उरले काय? उरला वग, आणि उरला जाब विचारणारा श्रोता. गिरणगावातल्या कामगारापुढे अण्णाभाऊंना तसेच उभे राहावे लागले, जसे फडाला यात्रेत राहावे लागे. म्हणून रूप एवढे बदलूनही तो तमाशाच राहिला.

दुसरा वारसा 1965 चा. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडक्यांनी रंगमंचावर आणले. दादा, निळू फुले, राम नगरकर ही सगळी मंडळी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून तयार झालेली. सबनीसांनी संहितेत नटासाठी जागा मोकळ्या सोडल्या आणि दादांनी त्या जागांत दर प्रयोगाला ताजे राजकारण भरले. एकच प्रयोग दुसऱ्यांदा पाहायला लोक जात, ते आज नवे काय ऐकायला मिळेल म्हणून. त्यानंतर मराठीत लोकनाट्यांची लाट आली. कोतवाल आला, मावशी आली, द्वयर्थी विनोद आले, पण बहुतेकांत त्या मोकळ्या जागा बुजल्या. पाठ केलेला हजरजबाबीपणा प्रेक्षकाला लगेच कळतो.

चित्रपटाचे वेगळे झाले. ‘सांगत्ये ऐका’ 1959 चा, ‘पिंजरा’ 1972 चा, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ 2010 चा. हे चित्रपट मला आवडतात. त्यांनी तमाशातल्या माणसाची कथा सांगितली, तमाशाची जागा घेण्याचा दावा केला नाही. पण पडद्यासाठी लिहिलेल्या लावण्या लोकांना एवढ्या आवडल्या, की गावोगावचे यात्रेकरू राहुटीत येऊन त्यांचीच मागणी करू लागले. आज फडाच्या मंचावर रंगबाजीत चित्रपटातली गाणी नाचली जातात. तमाशावरून केलेली नक्कल खुद्द तमाशाला उसनी घ्यावी लागते आहे, ही मला सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. त्यात नाचणाऱ्या मुलींचा दोष नाही, फडमालकाचाही नाही. शे-सव्वाशे माणसांचा संसार ट्रकवर लादून गावोगाव हिंडणाऱ्याला मागणी नाकारणे परवडत नाही.

आणि वेळ? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंधन आहे. ते रुग्णांसाठी, अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी योग्यच आहे. पण त्याचा घाव नेमका वगावर पडतो, कारण तो शेवटी येतो. फडाने सुरुवातीची गाणी कापली तर लोक चिडतात, वग कापला तर आता कोणी विचारतही नाही. त्यात 2020 आणि 2021 या लागोपाठच्या दोन वर्षी करोनामुळे यात्राच भरल्या नाहीत. सोंगाडे रोजंदारीवर गेले, ढोलकीवाले भाजीच्या गाडीवर गेले. त्यातले सगळे परतले नाहीत.

हल्ली तमाशाच्या नावाने लावणीचे कार्यक्रम होतात. संगीतबारी आणि ढोलकीफड या वेगळ्या परंपरा आहेत, त्यांची त्यात सरमिसळ होते. पुष्कळदा ढोलकीही ध्वनिमुद्रित असते. तिच्याशी नर्तकीला सवाल-जवाब करता येत नाही, कारण मुद्रित ढोलकी उत्तर देत नाही. या मुलींच्या कष्टांबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्यावर होणारी अश्लील शेरेबाजी मला सहन होत नाही. पण तमाशाची वारसदार म्हणून या कार्यक्रमांची जाहिरात होते, तेव्हा विचारावेसे वाटते, वग कुठे आहे?

लेखक मित्रांनो, याचे उत्तर फडमालकांकडे मागणे अन्यायाचे आहे. वग लिहिणारे आपण थांबलो. पठ्ठे बापूरावांसारखा ब्राह्मण घरात जन्मलेला कवी सगळे सोडून फडात गेला, त्या काळापासून फड आणि लिहिणारा यांचे नाते होते. आपण तमाशावर कविता केल्या, प्रबंध लिहिले, कादंबऱ्या लिहिल्या. फडाला उभा करता येईल असा, दीड तासात बसणारा, सोंगाड्याला श्वास घ्यायला जागा ठेवणारा नवा वग आपल्यातल्या किती जणांनी लिहिला? टोमॅटोचा भाव पडला की नारायणगावच्या बाजारात काय घडते, डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले तेव्हा माणसे कुठे गेली, बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी द्यायला जाणारा बाप घरी काय सांगून निघतो, यात कोतवालही आहे, राजाही आहे आणि सोंगाड्याही आहे.

म्हणून संमेलनाच्या आयोजकांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी सुपारी ठरवायला येतात. त्या दिवसांत जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या दहा लेखकांनी, आणि गेम बनवू पाहणाऱ्या दोन-चार मुलांनीही, फडमालकांच्या परवानगीने राहुटीत येऊन बसावे. सोंगाड्यांकडून जुने वग ऐकावेत, ज्यांच्याकडे वगांच्या वह्या उरल्या आहेत त्यांच्या नकला करून घ्याव्यात आणि पावसाळा संपायच्या आत प्रत्येकाने एक वग लिहून फडाच्या हाती द्यावा. मानधन संमेलनाच्या निधीतून द्यावे, लेखकाला आणि शिकवणाऱ्या सोंगाड्याला सारखेच. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतील, तेव्हा त्यातला एखादा वग तरी थापलिंगच्या किंवा आपल्या एखाद्या गावच्या यात्रेत उभा राहावा. तिथे लोक मध्येच उठले, तर तो लेखकाने पुन्हा लिहावा.